बसून काम करणाऱ्यांनी अधूनमधून उठायचं कसं? (ग्रामपंचायत, सोसायटी, बँक, जिनिंग, घरून काम)

पळसफूल:

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीत मी संगणक परिचालक आहे. आमच्याकडे खुर्चीवर बसून काम म्हणजे सुखाचं काम, असंच सगळे धरून चालतात. आईबाबांनी उन्हात निंदण-डवरण करून आम्हाला शिकवलं ते सावलीत बसायला मिळावं म्हणूनच. त्यामुळे मान आखडते, कंबर धरते, संध्याकाळी पाय सुजतात असं घरी सांगितलं की "पंख्याखाली बसून काय दुखते तुले?" हाच प्रश्न येतो. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. त्यांची कंबर माझ्यापेक्षा जास्त झिजली आहे. पण आपल्या गावांत बसून काम करणारे आता पुष्कळ झालेत. गटसचिव, पोस्टातले, बँकेतले, शाळेतले बाबू, सेतू केंद्रवाले, कापसाच्या जिनिंगचे मुनीम, घरी लॅपटॉप घेऊन बसणारी पोरंपोरी. शुगर आणि बीपी ही आता फक्त शहरातली दुखणी उरलेली नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीतून 2023 साली भारतात 10.1 कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज पुढे आला. त्यात खेडीही मोजली होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांत मोठ्या माणसानं आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम करावा, हे सगळ्यांना ठाऊक असलेलं वाक्य आहेच. त्याच सूचनांत आणखी एक गोष्ट आहे: बसण्याचा वेळ कमी करा, आणि त्या जागी कोणतीही हालचाल चालेल, अगदी हलकीसुद्धा. मला बोलायचंय ते यावर. जिम नको, ट्रॅकसूट नको. साडी नेसलेली, समोर रांग, खोलीत दोन टेबलं आणि एक गोदरेजचं कपाट, एवढ्या जागेत काय जमेल?

माझं मत असं झालंय की उठणं हे कामातच बसवावं लागतं. वेगळी सुट्टी म्हणून काढलं तर गर्दीच्या पहिल्याच दिवशी ते बंद पडतं. माझा प्रिंटर हाताशी होता, तो मी पलीकडच्या भिंतीजवळ नेऊन ठेवला. आता प्रत्येक दाखल्याला उठावंच लागतं. ओटीपी येईस्तोवर, पोर्टलचं चाक फिरतंय तोवर मी उभी राहते, टाचा वरखाली करते, खांदे मागे फिरवते. आमच्या भागातलं नेटवर्क पाहता असा थांबायचा वेळ दिवसभरात बराच निघतो. म्हाताऱ्या माणसाचा अंगठा घ्यायचा असला की यंत्र घेऊन मीच त्यांच्या बाकापर्यंत जाते. त्यांचे गुडघे वाचतात, माझे पाय मोकळे होतात.

तुमच्याकडे कसं आहे, ते लिहा. अडचणी जास्त लिहा, कारण उपाय त्यातूनच निघतील.

वऱ्हाडी_मुनीम:

ताई, धागा लय कामाचा काढला. मी हिंगणघाटकडच्या जिनिंगात वजनकाट्यावर बसतो. सीझन दिवाळीपासून लागते ते पार होळीलोक. एकदा सकायी बसलो का वजन, पावती, हिशोब, रात्रीलोक जागचं हालनं नाही. जेवन बी तिथंच, एका हातानं. घरी गेलो का गुडघे असे धरते का पायरी चढवत नाही.

पन माही अडचन येगयी हाये. कास्तकार रात्रभर थंडीत गाडीवर झोपलेला असते. त्याच्यासमोर उठून मी आंग मोकयं करत फिरलो त त्याले काय वाटन? तो म्हनन, आमी इथं कुडकुडून राह्यलो अन् हा हवा खाऊन राह्यला. मले त्याचं तोंड पाहून उठवतच नाही.

पळसफूल:

मुनीमभाऊ, ही अडचण मला सगळ्यात खरी वाटते. रांगेतल्या माणसाची लाज वाटणं हा चांगुलपणाच आहे, तो सोडून द्या असं कुणी म्हणू नये.

मी माझ्यापुरतं असं पाहिलं की मी उठले तरी काम थांबलेलं दिसत नसेल तर कुणी काही म्हणत नाही. कागद घेऊन उठले, पुढच्याचा अर्ज उभ्यानंच तपासला, कोणता कागद कमी आहे ते रांगेत जाऊन सांगितलं. उलट लोकांना बरं वाटतं, कारण आधार कार्डाची झेरॉक्स राहिली हे त्यांना तासाभरानं टेबलाशी पोचल्यावर कळायच्या ऐवजी आधीच कळतं. कापसातला ओलावा तुमच्याकडे कोण पाहतं? गाडीपाशी जाऊन यंत्र लावायचं काम असेल तर ते तुमच्याकडे घेता येईल का?

वऱ्हाडी_मुनीम:

ओलावा पाहाले दुसरा पोरगा हाये. आठ टक्के धरतात, बारापावतो चालते, त्याच्यावर गेला का कटकट. पन तुमी म्हनता ते डोक्यात आलं. दर काही गाड्यांनी आमी दोघं जागा बदलू शकतो. तो काट्यावर, मी गाडीपाशी. सेठले इचारून पाहतो.

फिजिओ_वर्धा:

मी फिजिओथेरपिस्ट आहे, वर्धा जिल्ह्यात काम करते. माझ्याकडे शेतात वाकून कंबर गेलेले येतात आणि खुर्चीत बसून कंबर गेलेलेही येतात. दुसऱ्यांची संख्या वाढते आहे हे डोळ्यांना दिसतं, म्हणून इथं जरा सविस्तर लिहिते.

बसल्यावर आत काय होतं ते आधी समजून घ्या. पायातलं रक्त हृदयाकडे वर चढवायचं बरंचसं काम पोटऱ्यांचे स्नायू करतात. ते आकुंचन पावले की शिरांवर दाब येतो आणि रक्त वर ढकललं जातं, विहिरीवरच्या पंपासारखं. शिरांमध्ये झडपा असतात, त्यामुळे ते परत खाली येत नाही. आपण तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसतो तेव्हा हा पंप बंद असतो. संध्याकाळी पायावर मोज्याचे वळ उठतात, चप्पल घट्ट होते, ते त्यामुळे.

दुसरं म्हणजे साखर. जेवणानंतर रक्तात आलेली साखर खर्च करणारं शरीरातलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे मांड्यांचे आणि पायाचे मोठे स्नायू. ते हलले की साखर उचलतात, आणि त्यासाठी फार जोरात हलायची गरज नसते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2012 मध्ये वजन जास्त असलेल्या 19 प्रौढांवर एक प्रयोग केला. सलग बसण्याऐवजी दर 20 मिनिटांनी फक्त 2 मिनिटं हळू चालायला लावलं, तर जेवणानंतरची साखर सुमारे 24 टक्क्यांनी कमी भरली. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या गटानं वेगवेगळी अंतरं ताडून पाहिली. दर अर्ध्या तासाला 5 मिनिटं चालण्याचा फायदा साखरेवर सगळ्यात ठळक दिसला. रक्तदाब मात्र तासातून एकदा एक मिनिट चालणाऱ्यांचाही 4 ते 5 अंकांनी उतरला. दोन्ही प्रयोग लहान आहेत, दुसऱ्यात तर 11 च माणसं होती, त्यामुळे आकडे अगदी काटेकोर धरून बसू नका. दिशा मात्र दोन्हींची एकच आहे.

तिसरं, मान आणि पाठ. इथं दुखणं येतं ते एकाच अवस्थेत अडकून राहिल्यानं. डोकं पुढे काढून स्क्रीनकडे पाहिलं की मानेच्या मागच्या स्नायूंना ते सतत तोलून धरावं लागतं. म्हणून महागडी खुर्ची घेतली तरी तीच बैठक चार तास धरून ठेवली तर उपयोग कमीच. लोक मला विचारतात, बसायची बरोबर पद्धत कोणती? मी सांगते, जी थोड्या वेळानं बदलाल ती.

आता करायचं काय. उभं राहून टेबलाचा आधार घ्या आणि टाचा सावकाश उचला, सावकाश टेकवा. दोन्ही हात कमरेवर ठेवून थोडं मागे वाका, श्वास न रोखता. खांदे मागे आणि खाली न्या. हनुवटी गळ्याकडे आत ओढून क्षणभर धरा, म्हणजे पुढे आलेली मान जागेवर येते. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठा आणि हळू बसा, जमेल तितक्या वेळा. उठताच येत नसेल तर बसल्या बसल्या एक पाय सरळ करून पंजा आपल्याकडे ओढा. डोळ्यांसाठी दर 20 मिनिटांनी 20 फुटांपलीकडे 20 सेकंद पाहायचं, खिडकीतून बाहेरचं कडुलिंबाचं झाड पाहिलं तरी झालं.

मान गोल गोल गरगर फिरवू नका, विशेषतः चक्कर येत असेल किंवा मणक्याचा त्रास असेल तर. बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांनी झटकन उभं राहू नये, आधी पाय हलवून मग उठावं. आणि काही गोष्टींत व्यायाम शोधत बसायचं नाही, सरळ दवाखान्यात जायचं: एकाच पोटरीत सूज, लाली आणि दुखणं (शिरेत गुठळी असू शकते), कंबरेतून पायात कळ उतरून पाय लुळा पडणं, लघवीवरचा ताबा जाणं, छातीत दुखणं किंवा एकाएकी धाप लागणं.

धुऱ्यावरचा:

माहिती चांगली आहे, पण मला एक शंका आहे आणि ती माझ्यासारख्या अनेकांची असेल. मी वाशीम जिल्ह्यात सेवा सोसायटीचा गटसचिव आहे. पहाटे उठून शेतात जातो, पाणी देणं, फवारणी, हंगामात डवरणीसुद्धा. मग दहा वाजता सोसायटीत. पीककर्जाच्या दिवसांत, एप्रिल ते जून, तिथून उठणं होत नाही. पण सकाळी इतकं अंग मोडल्यावर दिवसा बसायला मिळतं तो माझा आराम आहे. त्यातही उठा म्हणता?

फिजिओ_वर्धा:

धुऱ्यावरचे दादा, तुमची शंका रास्त आहे आणि बऱ्याच अंशी उत्तर तुमच्या बाजूचं आहे. 2016 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दहा लाखांहून जास्त लोकांची आकडेवारी एकत्र करून छापली गेली. त्यात रोज 60 ते 75 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करणाऱ्यांमध्ये, आठ तास बसूनही, लवकर मृत्यूचा वाढीव धोका जवळपास नाहीसा झालेला दिसला. तुमची सकाळ यात बसते. तेव्हा तुम्हाला घाबरवायचं कारण नाही.

दोन गोष्टी मात्र उरतात. शेतातली तुमची बहुतेक हालचाल पुढे वाकून होते, आणि सोसायटीत रजिस्टरवरही तुम्ही पुढेच वाकता. म्हणजे पाठीला उलट दिशा दिवसभर मिळतच नाही. तुमच्यासाठी फिरण्यापेक्षा मागे वाकणं महत्त्वाचं. आणि जेवणानंतर लगेच खुर्चीत न रुतता पाच-दहा मिनिटं वऱ्हांड्यात हळू चाला. घरात कुणाला मधुमेह असेल तर नक्कीच. हा आराम मोडत नाही, दुपारची झोपाळू सुस्तीही यानं कमी होते असं माझे रुग्ण सांगतात.

धुऱ्यावरचा:

वडिलांना शुगर आहे. मागे वाकायचं पटलं. आजपासूनच करतो.

जुना_क्लार्क:

अमरावती जिल्ह्यातल्या तहसील कचेरीत आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. बसण्याचा आणि हृदयाचा संबंध कसा लक्षात आला, ती हकिगत तरुणांना ठाऊक असावी म्हणून लिहितो.

लंडनच्या दुमजली बसेसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसभर जिना चढउतार करणारा. डॉ. जेरेमी मॉरिस यांनी दोघांच्या आजारपणाची नोंद ताडून पाहिली आणि 1953 मध्ये लॅन्सेटमध्ये छापली. पगार, राहणी, वस्ती यांत दोघे एकमेकांच्या जवळचे, तरी हृदयविकार ड्रायव्हरांत जास्त. मला या माणसाची पुढची गोष्ट अधिक आवडते. त्यांनी तेवढ्यावर समाधान मानलं नाही. नोकरीत लागताना शिवलेल्या गणवेशांची मापं काढली, तर ड्रायव्हरांच्या कमरा मुळातच जाड निघाल्या. म्हणजे सगळा दोष बसण्याचा नाही, कोण कोणत्या कामाला लागतो हेही त्यात आहे, हे त्यांनी स्वतःच पुढे आणलं. त्यानंतर अनेक देशांत अभ्यास झाले आणि हालचालीचा मुद्दा टिकून राहिला.

आपली एसटी दुमजली नाही, पण गर्दीत तिकीट फाडत पुढून मागे जाणाऱ्या वाहकाकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेनं पाहतो.

आणखी एक. आम्ही अमरावतीकर व्यायामाच्या बाबतीत कुणापुढे मान खाली घालायचं कारण नाही. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकानं तिथं भारतीय व्यायामप्रकार करून दाखवले. ज्या जिल्ह्यात हे घडलं, तिथल्या कचेऱ्यांत बाबू लोक पाठीला उशा लावून बसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. केंद्राच्या आयुष मंत्रालयानं 2021 मध्ये कामाच्या जागी करायचा पाच मिनिटांचा योग काढला, त्याला 'वाय-ब्रेक' म्हणतात. ताडासन, कटिचक्रासन, अर्धचक्रासन, खांद्यांच्या हालचाली, शेवटी नाडीशोधन आणि भ्रामरी. मोबाइलवर ॲप आहे. वरिष्ठांना सांगताना "हे सरकारचंच आहे" म्हणता येतं, हा त्याचा मोठा फायदा.

काउंटर_क्रमांक_दोन:

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका बँकेत रोखपाल आहे. आमच्याकडे उठायची सोयच नाही. कॅशचा ड्रॉवर उघडा टाकून कॅबिनबाहेर पाऊल टाकता येत नाही, आणि दर वेळी कुलूप लावून निघालो तर रांगेत आरडाओरडा. पगाराचा दिवस, निराधार योजनेचे पैसे, कर्जवाटप, यांत तर पाणी प्यायलाही मान वर होत नाही. शाखेत रोखपाल एकच.

फिजिओ_वर्धा:

काउंटरदादा, कॅबिनबाहेर जायचं नाहीच. नोटा मोजायचं यंत्र थोडं उंच ठेवता येईल का पाहा, म्हणजे गड्डी मोजेपर्यंत उभं राहता येईल. मोठी रक्कम असेल तेव्हा उभं राहायचं, छोटी असेल तेव्हा बसायचं, अशी स्वतःला खूणगाठ बांधा. उभं असताना टाचा उचलणं काउंटरच्या मागे कुणाला दिसतही नाही.

दिवसभर उभंच राहायचं असंही करू नका. उलट टोकाचा त्रास कापड दुकानातल्या सेल्सगर्लना विचारा. दुकानात दहा-दहा तास बसू न दिल्यानं बायकांचे पाय आणि कंबर कशी जातात यावर केरळात आंदोलन झालं, आणि 2018 मध्ये तिथल्या कायद्यात दुरुस्ती होऊन दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क मिळाला. तमिळनाडूनं 2021 मध्ये तसंच केलं. शरीराला बसणं आणि उभं राहणं दोन्ही आलटून पालटून हवं.

संत्रानगरी:

मी वरुड तालुक्यातल्या गावातून पुण्याच्या कंपनीचं काम करते, घरून. दिवसातला निम्मा वेळ कॉलवर. कॅमेरा बंद असला की मी कानात हेडफोन घालून अंगणात चालते. नेटवर्क अंगणाच्या एका कोपऱ्यातच नीट येतं, त्यामुळे फेऱ्या लहान असतात, पण होतात. मे महिन्यात मात्र अंगणात पाय टाकता येत नाही. पारा 45 च्या पुढे जातो, कूलरसमोरच राहावं लागतं, तेव्हा मी कूलरच्या खोलीतच भिंतीला हात टेकून टाचा उचलणं आणि खुर्चीवरून उठबस करते. उन्हाळ्यात दुपारी बाहेर चालायला जा असं विदर्भात कुणीही कुणाला सांगू नये.

मला वेगळंच सांगायचं आहे. घरून काम करणाऱ्या सुनेला उठायला मिळतं, पण ते उठणं तिचं राहत नाही. मी खुर्चीतून उठले की दुधाचं पातेलं, वाळत घातलेल्या पापड-कुरडया, आलेला पाहुणा, हे सगळं माझ्या वाट्याला येतं. झाडू मारणं हीसुद्धा हालचाल आहे, मान्य. पण पाच मिनिटांची मोकळीक वीस मिनिटांचं काम होते आणि मग मी उठायचंच टाळते. शेवटी मी सासूबाईंशी बसून बोलले. डॉक्टरांनी सांगितलंय, मी थोडी चालणार, तेव्हा मला हाक मारू नका, काम मी कॉल संपल्यावर करीन. त्यांनी ऐकलं. आता संध्याकाळी त्याही माझ्याबरोबर दोन फेऱ्या मारतात, आणि तेव्हा आम्ही ज्या गप्पा मारतो त्या आधी कधी मारल्या नव्हत्या. ज्यांच्या घरी असं बोलता येत नाही, त्यांचं काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

सातपुड्याची:

मी मेळघाटाकडच्या एका गावी कार्यालयात काम करते. आतापर्यंत नुसतं वाचत होते. सगळे उठा म्हणताय. आमच्या कार्यालयात बाईसाठी स्वच्छतागृह नाही. जे आहे त्याला दार नाही आणि पाणी नाही. म्हणून मी सकाळी घरून निघताना पाणी पीत नाही आणि दिवसभर घोटभरावर काढते. उठले की लघवी लागल्याची जाणीव होते, बसून राहिलं की ती दाबता येते. मी उठत नाही ते यामुळे. माझ्या ओळखीच्या कितीतरी अंगणवाडी सेविका, शिक्षिका, परिचालक मुली हेच करतात. आम्ही एकमेकींत बोलतो, पुरुषांसमोर बोलत नाही. इथं नाव दिसत नाही म्हणून लिहिलं.

पळसफूल:

ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून आभार. हे वाचून मला धाग्याचा विषयच बदलावासा वाटतोय. टाचा उचला, खांदे फिरवा हे सगळं त्यानंतरचं. जिथं बाईला दिवसभर पाणी न पिता बसावं लागतं, तिथं पहिला उपाय म्हणजे दाराला कडी आणि नळाला पाणी.

आमच्याकडेही हीच स्थिती होती. आम्ही तिघीचौघींनी, मी, आशा सेविका ताई, अंगणवाडीच्या ताई, मिळून महिला सभेत विषय काढला आणि तो ग्रामसभेत नेला. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. गावाच्या वार्षिक आराखड्यात काम धरलं नाही तर नुसत्या तोंडी मागणीला अर्थ नसतो, म्हणून ठरावात लिहून घ्या, आणि लिहिताना "महिला कर्मचारी व कामासाठी येणाऱ्या महिला" असं लिहा. दाखल्यासाठी दोन तास थांबणाऱ्या म्हातारीलाही तेच लागतं. सरपंच बाई असतील तर त्यांना एकटीनं भेटून सांगा, सभेत सगळ्यांसमोर नको. आमच्या सरपंचांना हे सांगावंही लागलं नाही, त्यांनी स्वतः तो त्रास काढला होता.

फिजिओ_वर्धा:

सातपुड्याच्या ताई, वैद्यकीय बाजू तेवढी जोडते. पाणी न पिता लघवी दाबून ठेवल्यानं लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग होण्याची शक्यता वाढते, आणि आपल्या उन्हाळ्यात कमी पाण्यानं मुतखड्याचाही धोका वाढतो. जळजळ, वारंवार लघवी, थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, असं काही असेल तर दुखणं अंगावर काढू नका. पाठदुखी म्हणून माझ्याकडे आलेल्या बायकांना आता मी पहिला प्रश्न हाच विचारते, कामाच्या जागी बाथरूम आहे का.

जुना_क्लार्क:

इतकी वर्षं कचेरीत होतो. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना हा त्रास असेल हे मनातही आलं नव्हतं. आमच्या निवृत्तांच्या संघटनेत हा विषय मांडतो. तहसीलदारांना निवेदन द्यायला आम्हाला भीती नाही, नोकरीतल्या मुलींना असते. मसुदा मी लिहितो, ताई, तुम्ही फक्त काय काय हवं ते इथं टाका.

सातपुड्याची:

दार, आतून लागणारी कडी, पाणी, बल्ब, आणि पाळीच्या दिवसांसाठी झाकणाची बादली. एवढंच.

झाडीपट्टी:

गोंदियाकडचा आहे जी. माझी आई अजूनही बिड्या वळते. खुर्ची वगैरे नाही, जमिनीवर बसून मांडीवर सूप, त्यात तेंदूपत्ता आणि तंबाखू, मान खाली, बोटं चालू. हजाराच्या हिशोबानं पैसे मिळतात, त्यामुळे उठली की मजुरी बुडते असं तिला वाटते. ऑफिसवाल्यांचा पगार उठल्यानं कापला जात नाही, तिचा कापला जातो. तिच्यासारख्यांना या धाग्यात जागा आहे का?

पळसफूल:

आहेच दादा. बसून काम म्हणजे फक्त संगणक असं कुणी समजू नये. फिजिओताई, यावर तुम्हीच लिहा.

वऱ्हाडी_मुनीम:

मधात माही गोष्ट सांगून देतो. सेठ हो म्हनले. मी अन् तो पोरगा आता जागा बदलतो. कास्तकारायले मी गाडीपाशी गेलो का बरं वाटते, भाव काहून कटला ते तोंडावर समजावून सांगता येते. पयले खिडकीतून वरडाव लागे. गुडघ्याचं अजून पाहाव लागन. फिजिओताई, खाली बसून उठाले त्रास होते, त मी उठबस करू का नाई?

फिजिओ_वर्धा:

मुनीमभाऊ, पूर्ण खाली बसायचं नाही. पक्क्या खुर्चीवर एक उशी ठेवून उंची वाढवा, तिथून उठा आणि तिथंच बसा. दुखायला लागलं तर थांबा. गुडघ्यात सूज असेल किंवा रात्री झोपेतही दुखत असेल तर एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. बसल्या बसल्या पाय सरळ करून मांडी आवळून धरणं तुम्हाला चालेल, काट्यावरसुद्धा.

झाडीपट्टीचे दादा, आईचा वेळ म्हणजे मजुरी आहे, त्यामुळे त्यांना दर अर्ध्या तासाला चाला असं मी सांगणार नाही. पानं भिजवणं, कापणं, वळणं, गड्ड्या बांधणं ही कामं वेगवेगळी आहेत ना? ती एकाच बैठकीत सलग न करता, काम बदललं की जागा बदलायची. पानं कापायचं काम भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून करता येतं. सूप मांडीवर न ठेवता पाटावर किंवा उलट्या टोपलीवर ठेवलं तर मान कमी वाकते, हा फरक त्यांना दोन-तीन दिवसांतच जाणवेल. प्रत्येक बंडल बांधून झालं की हात वर ताणून बोटं उघडायची, एवढ्याला काही सेकंद लागतात. खोलीला खिडकी उघडी हवी, तंबाखूची धूळ छातीत जाते, ते दुखणं मानेपेक्षा मोठं आहे. खोकला किंवा धाप असेल तर आधी ते तपासून घ्या. आईचं वय आणि कोणती गोळी चालू आहे ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा, बाकीचं तिथं सांगते.

झाडीपट्टी:

हो जी. पाट आजच देतो तिला. गोळ्यांचं पाकीट पाहून रात्री कळवतो.